माल्टा: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

आई-बाबांच्या शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या ज्या देशांत आपसात सीमेवर तपासणी नसते त्यांचा सामाईक व्हिसा) प्रवेशसंख्येच्या रकान्यात ‘०१’ छापलेलं आहे. तो एक प्रवेश आमच्याकडे म्युनिकला उतरतानाच खर्ची पडला. आता मुंबईचं परतीचं विमान धरेपर्यंत दोघांना शेंगेनच्या कुंपणाबाहेर जाता येत नाही. गेले तर परत आत घेणार नाहीत. त्यामुळे मार्चअखेरच्या वीकेंडला कुठलं बेट गाठायचं, याची चाळणी हॉटेलांचे फोटो बघून नाही, या ‘०१’ पासून सुरू झाली.

बेटच का, तर आईमुळे. आल्प्स दाखवून झाले, तळी झाली, राजवाडे झाले. सांगलीच्या बाईला बर्फाचं कौतुक किती दिवस टिकणार? ‘मला समुद्राकाठी नुसतं बसायचंय, आणि बसल्यावर कानटोपी घालावी लागता कामा नये,’ एवढी तिची अट. बाबांची अट नेहमीचीच: काहीतरी ‘बांधलेलं’ बघायला हवं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. निसर्ग त्यांना आवडतो, पण त्याला बांध घातलेला असेल तर जास्त. नवऱ्याचं म्हणणं एवढंच की रविवारी रात्री घरी पोचायचं, सोमवारी सकाळी मीटिंग आहे. मला कोणी काही विचारलं नाही, कारण बुकिंग मीच करणार हे गृहीत होतं.

सायप्रस पहिल्याच फेरीत बाद. युरोपीय संघात असलं तरी ते शेंगेनमध्ये नाही, म्हणजे आई-बाबा तिथे गेले तर परत आणता येणार नाही. क्रीट अडीचशे किलोमीटरहून लांब, सिसिली त्याहून ऐसपैस; दोन दिवसांत तिथे जाणं म्हणजे गाडीच्या काचेतून बेट बघणं. मायोर्का सोपं पडलं असतं, म्युनिकहून विमानंही भरपूर. पण जर्मन लोक गमतीने ज्याला आपलं सतरावं राज्य म्हणतात, तिथे जाऊन पुन्हा जर्मनच ऐकायचं? इथे बेकरीत पाव मागायलासुद्धा बाबांना मी लागते आणि ते त्यांना मनातून आवडत नाही, हे मला कळतं.

म्हणून माल्टा. माल्टीजच्या जोडीने इंग्रजी तिथली राजभाषा आहे. १९६४ पर्यंत ब्रिटिश राज्य होतं, त्यामुळे गाड्याही डावीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आई उजवीकडे बघेल आणि या खेपेला ते बरोबर असेल. २००७ पासून हा देश शेंगेनमध्ये आहे, २००८ पासून तिथे युरो चालतो. ब्रिटिशांची आणखी एक खूण भिंतीत उरली आहे: तीन चौकोनी पिनांचा प्लग. जर्मन चार्जर त्यात शिरत नाही आणि भारतातला गोल पिनांचाही नाही, म्हणून सामानाच्या यादीत पहिला नंबर अ‍ॅडॉप्टरचा.

तिकिटांचं थोडक्यात सांगते. म्युनिकहून थेट विमान आहे, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. त्याहून स्वस्त तिकिटं मेमिंगेनहून निघतात, पण मेमिंगेन इथून शंभरेक किलोमीटर. वाचलेले पैसे बसभाड्यात आणि आईच्या कपाळावरच्या आठ्यांत जातात. तिकिटांची वेबसाइट मला शेंगेनबाहेरच्या लंडनमार्गे जाणारं एक तिकीट मोठ्या प्रेमाने पुन्हा पुन्हा दाखवत होती. ज्यांच्या घरी सिंगल एन्ट्रीवाले पाहुणे आहेत त्यांनी असल्या तिकिटापासून लांब राहावं. आणि विमान शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये असलं, शिक्का बसणार नसला, तरी पासपोर्ट जवळ हवाच. काही स्वस्त कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना काउंटरवर जाऊन कागद दाखवायला लावतात, त्यासाठी अर्धा तास जास्तीचा धरलाय.

आता खरा प्रश्न. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्या निम्म्याच्या जवळपास. हा आकडा वाचला की कोणालाही वाटतं, दोन दिवसांत अख्खा देश उरकेल. नवऱ्याने तर शनिवारी गोझो, रविवारी कोमिनो आणि ‘मधल्या वेळात’ व्हॅलेटा असा कागद तयारही केला होता. पण तिथे रेल्वे नाही. १८८३ मध्ये व्हॅलेटा ते इमदिना अशी एक छोटी गाडी सुरू झाली होती, ती १९३१ मध्ये बंद पडली. आता सगळा भार बस आणि मोटारींवर, आणि पाच लाखांवर लोक एवढ्याशा जागेत राहतात. नकाशावर चिमटीत मावणारं अंतर बसने तासभर खातं. तिथल्या रहिवाशांना कार्डावर बस फुकट आहे, पाहुण्यांना तिकीट. पण एका तिकिटावर दोन तासांत बस बदलता येते. गाडी भाड्याने घ्यायची नाही हे मी ठरवून टाकलं. जर्मनीत उजवीकडून चालवणाऱ्या माणसाला दोन दिवसांसाठी डावीकडे आणायचं, त्यातून व्हॅलेटात गाडी लावायला जागा शोधायची, आणि मागच्या सीटवरून बाबांच्या सूचना. नकोच.

मुक्काम व्हॅलेटातच. स्लीमा आणि सेंट ज्युलियन्सला हॉटेलं जास्त आणि खोल्या मोठ्या मिळतात, पण शनिवारचा सगळा दिवस व्हॅलेटात जाणार असेल तर खाडीपलीकडे झोपायला कशाला जायचं? व्हॅलेटा हे साधारण किलोमीटरभर लांबीचं शहर आहे, डोंगराच्या एका सोंडेवर सरळ आखलेले रस्ते, दोन्ही बाजूंना उतार आणि खाली बंदर. रंगीत लाकडी बंद सज्जांचे ते फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. फोटोत जे दिसत नाही ते आईच्या गुडघ्यांना दिसेल: आडव्या गल्ल्यांतून बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्या. म्हणून खोली शोधताना मी समुद्र दिसतो का हे बघितलंच नाही. मुख्य रिपब्लिक स्ट्रीटच्या पातळीवर आहे का आणि लिफ्ट आहे का, एवढंच विचारलं. जुन्या घरांचं हॉटेल केलेलं असतं तिथे ‘लिफ्ट आहे’ याचा अर्थ ‘पहिल्या जिन्यानंतर आहे’ असाही निघतो. फोन करून खात्री केली.

दोन दिवसांच्या सहलीत अंतरापेक्षा वार जास्त छळतो. व्हॅलेटातलं सेंट जॉन्स को-कॅथीड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं. मार्साश्लोक्कचा मोठा मासळीबाजार रविवारीच भरतो. (माल्टीजमध्ये ‘एक्स’ लिहून ‘श’ म्हणतात, बसवरची पाटी वाचताना लक्षात ठेवा.) म्हणजे कॅथीड्रल शनिवारी, आणि सकाळीच, कारण दुपारी क्रूझच्या बोटी उतरल्या की आत उभं राहायला जागा नसते. बाकी सगळं या एका खुंटीला टांगायचं. त्यात आमचा रविवार नेमका मार्चचा शेवटचा रविवार. त्या रात्री जवळजवळ सगळ्या युरोपची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे तो दिवस तेवीसच तासांचा. ‘वेळ वाचवायला आलेली माणसं वेळ चोरतात,’ असं आई म्हणाली. कशाबद्दल म्हणाली ते विचारू नका, ती या घड्याळप्रकरणावर मागच्या ऑक्टोबरपासून फोनवरच रागावलेली आहे.

को-कॅथीड्रलसाठी मी दोन तास ठेवलेत आणि त्यातला निदान अर्धा तास एका चित्रासमोर. कारावाज्जोचं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’, १६०८ सालचं, साडेतीन मीटरहून उंच आणि पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. आणि ती सही कुठे, तर जमिनीवर सांडलेल्या रक्तात. चित्राइतकीच चित्रकाराची गोष्ट. रोममध्ये १६०६ साली एका भांडणात त्याच्या हातून माणूस मेला. तिथून पळून नेपल्स, तिथून माल्टा. माल्टावर तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे एका लढाऊ ख्रिस्ती पंथाचं, राज्य होतं. पंथाचा प्रमुख, ग्रँडमास्टर आलोफ द विन्याकूरने त्याच्याकडून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि जुलै १६०८ मध्ये त्याला सरदार करून टाकलं. महिनाभरात गडी पुन्हा मारामारीत. सेंट अँजेलो किल्ल्यात डांबला, तिथून निसटून सिसिलीला पळाला. मग डिसेंबरात सरदारांनी सभा भरवून ‘सडका, दुर्गंधी अवयव’ म्हणून त्याला पंथातून कापून टाकलं, आणि ही सभा भरली कुठे, तर त्याच दालनात, त्याच चित्रासमोर. आईला एवढं सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग चित्र का नाही काढून टाकलं?’ मला हा प्रश्न फार आवडला.

कॅथीड्रलमध्ये जाणाऱ्या बायकांसाठी एक सूचना: टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. खालची जमीन म्हणजे सरदारांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत, चारशेच्या आसपास, त्यांना टवके जाऊ नयेत म्हणून. खांदेही झाकलेले हवेत. आई साडी आणि बुटांत असणार, तेव्हा तिला कोणी अडवायचा प्रश्न नाही.

तिथून पाच-सात मिनिटांवर अप्पर बाराक्का बाग. खाली तोफा मांडल्यात आणि दुपारी बाराला एक उडवतात, चारला पुन्हा. आईला आधी सांगून ठेवायचंय. बागेतून ग्रँड हार्बर पूर्ण दिसतं, बाकं आहेत, ऊन असतं. कानटोपीविना समुद्र हे कलम इथे पूर्ण होईल. आणि खाली बंदराशी जायला ५८ मीटरची लिफ्ट आहे, तिच्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न सुटतो. खालून बोटीने पलीकडे बिर्गू. मोठी फेरी आहेच, पण ‘दायसा’ नावाच्या छोट्या होड्याही काही युरोत पार करून देतात. बाबांचा शनिवारचा उत्तरार्ध त्या बाजूला.

बाबांना मी १५६५ च्या वेढ्याबद्दल सांगायला लागले, तर साल ऐकूनच त्यांनी मला थांबवलं. ‘पंधराशे पासष्ट? त्याच जानेवारीत तालीकोट झालं. आपल्या कृष्णेच्या काठी.’ म्हणजे इकडे दख्खनच्या सुलतानांनी विजयनगर बुडवलं आणि मे महिन्यात तिकडे उस्मानी आरमार माल्टापुढे येऊन ठाकलं. सोंडेच्या टोकावरचा सेंट एल्मो हा छोटा किल्ला दोन-चार दिवसांत पडेल असा तुर्कांचा हिशेब होता; तो जवळजवळ महिनाभर लढला आणि २३ जूनला पडला. तोवर तुर्कांचा नावाजलेला दर्यावर्दी तुर्गुत रईस तिथेच कामी आला. बिर्गू आणि सेंग्लीआ पडलेच नाहीत, सप्टेंबरात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबरला तिथे अजून सुट्टी असते. बाबांचा लगेच पुढचा प्रश्न: ‘पाणी कसं पुरवलं?’ किल्ला म्हटलं की त्यांना तटाच्या आधी टाकं दिसतं. गेली कित्येक वर्षं ते जंजिऱ्याच्या गोड्या तळ्यावर आम्हाला व्याख्यान देत आलेत.

तर पाण्याचंच. माल्टात नदी नाही. एकही नाही. ज्या माणसाने नोकरीभर कृष्णा-वारणेच्या पातळीचे फूट मोजले आणि २०१९ साली स्वतःच्या घरात पुराचं पाणी पाहिलं, त्याला नदी नसलेला देश दाखवायला नेणं हा मला सहलीतला सगळ्यात चांगला भाग वाटतो. आज नळाला येणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं, मीठ काढलेलं. पूर्वी पावसाचं साठवत. वेढ्यानंतर सरदारांनी नवं शहर बांधायला काढलं, तेव्हा प्रत्येक घराला स्वतःचं टाकं हवंच असा नियम केला. पायाचा दगड बसला २८ मार्च १५६६ ला. आमचा शनिवार नेमका २८ मार्च, व्हॅलेटाला ४६० वर्षं त्या दिवशी. (मी मुद्दाम जुळवलेलं नाही, तिकीट त्या दिवसाचं मिळालं.) पण टाकी पुरेनात, म्हणून ज्याने कारावाज्जोला सरदार केलं त्याच विन्याकूरने रबात-डिंगलीकडच्या झऱ्यांचं पाणी व्हॅलेटाला आणायला पंधरा किलोमीटरहून लांब जलवाहिनी बांधून घेतली. १६१५ मध्ये शहरात पाणी खेळलं. सांता व्हेनेरा, बिर्कीर्कारा भागात तिच्या दगडी कमानी अजून रस्त्यालगत उभ्या आहेत. बाबा म्हणाले, ‘उतार किती दिलाय?’ मी म्हटलं, तिथे गेल्यावर तुम्हीच मोजा.

रविवारवरून घरात दोन तट पडले. मार्साश्लोक्कला बंदरात लुत्सू नावाच्या रंगीत होड्या असतात, नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेल्या. बाजार सकाळी. बाबा मासे खातात, आई त्यांचा वासही घेत नाही. मासळीबाजारात आईला दोन तास उभी करायची हे मला पटेना. नवऱ्याचं म्हणणं, तिला पलीकडे कॅफेत बसवू. शेवटी आईनेच कालनिर्णय उघडलं आणि प्रश्न मिटला: रविवारी चैत्रातली शुद्ध एकादशी. ‘एकादशीला मासळीबाजार? जा तुम्ही.’ बाजार रद्द.

गोझोही रद्द, आणि त्याचं मला खरं वाईट वाटतंय. चिरकेव्वाच्या धक्क्यावरून गोझोची फेरी पंचवीसच मिनिटं घेते, पण व्हॅलेटाहून चिरकेव्वाला बसने पोचायला तासाहून जास्त. २०२१ पासून व्हॅलेटाहून थेट वेगवान बोटही आहे, पाऊण तासाची; वारा सुटला की ती बंद ठेवतात. मार्चमध्ये ईशान्येकडून ‘ग्रीगाल’ वारा कधीही सुटतो, आणि रविवारी रात्री विमान असताना दुसऱ्या बेटावर अडकण्यात मला रस नाही. शिवाय गोझोत नवऱ्याला जे बघायचं होतं ते समुद्रातल्या दगडी कमानीचं दृश्य, ‘अझूर विंडो’, आता तिथे नाहीच. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली. तो जुन्या फोटोवरून यादी करत होता. कोमिनोच्या निळ्या खाडीबद्दल एवढंच: मार्चमध्ये पाणी पंधरा-सोळा अंश असतं, आणि उन्हाळ्यात तिथे एवढी झुंबड उडायला लागली की आता आधी नावनोंदणी करून वेळ घ्यावी लागते. साठी उलटलेल्या माणसांना तिथे खडकावर नेऊन काय करायचं?

मग रविवारी इमदिना आणि हाजार ईम. इमदिना ही माल्टाची जुनी राजधानी, तटबंदीच्या आत वळणावळणाच्या गल्ल्या, आत गाड्यांना जवळजवळ बंदी. दोन तास पुरे, बाबांनी तटावर रेंगाळायचं ठरवलं तर अडीच. तिथून टॅक्सीने हाजार ईमला. बस आहे पण तिची वाट बघत रविवार घालवायचा नाही. हाजार ईम आणि शेजारचं इमनाय्द्रा ही समुद्राकडच्या कड्यावरची दगडी देवळं, इसवी सनापूर्वी साडेतीन हजारच्या आसपासची. इजिप्तच्या पिरॅमिडांआधी कित्येक शतकं कुणीतरी हे दगड उभे केले, तेही धातूचं हत्यार नसताना. आता दोन्हींवर तंबूसारखी छतं घातलीत, ऊन-पावसाने दगड झिजतो म्हणून. इमनाय्द्राच्या एका देवळात विषुवदिनाला उगवत्या सूर्याचा किरण दारातून सरळ आत जातो. आम्ही आठवडाभर उशिरा पोचतोय, आणि आईला त्या वेळी उठवायची हिंमतही कोणात नाही. तिथून फिल्फ्ला नावाचं ओसाड खडकाळ बेट समोर दिसतं आणि विमानतळ टॅक्सीने फार लांब नाही. सामान पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवायचं, म्हणजे परत व्हॅलेटाला जायला नको.

खाण्याचं. शनिवार सोपा आहे. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्यांचं गरम पेस्ट्री-पुडकं, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, आणि टपरीवजा दुकानात एक युरोच्या आत मिळतं. वाटाण्याचं ऐकून आई खूश झाली, पण मीच पुढे वाचलं की पारंपरिक कृतीत पापुद्र्यांना डुकराची चरबी लावतात. आता बरीच दुकानं वनस्पती तूप किंवा मार्गरीन वापरतात. दुकानात विचारून मगच तिला द्यायचं. बिगिल्ला म्हणजे सुक्या घेवड्यासारख्या कडधान्याची लसूण घातलेली चटणी, ती फ्तीरा या पावाबरोबर. टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल घातलेला पाव सगळीकडे मिळतो, फक्त ‘ट्युना नको’ हे आधी आणि पैसे देताना पुन्हा सांगायचं. बाबांसाठी लाम्पुकी मासा नाही, तो शरद ऋतूतला. दुसरा कुठला तरी मिळेलच. ‘किनी’ नावाचं कडवट संत्र्याचं थंड पेय १९५२ पासून तिथलं राष्ट्रीय प्रकरण आहे. नवऱ्याला ते काढ्यासारखं वाटलं होतं, तेव्हा ते आईला नक्की आवडेल.

एकादशीचा रविवार अवघड वाटत होता, पण माल्टा उपासाला बरं निघालं. तिथला बटाटा चांगला असतो, हॉलंडला निर्यात होतो. संत्र्यांचा हंगाम मार्चअखेर अजून चालू असतो. बाकी आईच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे. भडंगाचा पुडाही तिने भरलाय, तो शनिवारसाठी. लोणच्याची बाटली मी काढून ठेवली. हातसामानात शंभर मिलिलिटरच्या वर तेलकट काही सगळीकडे चालेलच असं नाही, आणि म्युनिकच्या सुरक्षा तपासणीत कैरीच्या फोडींचं स्पष्टीकरण जर्मनमध्ये देण्याची माझी तयारी नाही.

बाबांनी दरम्यान स्वतःचा अभ्यास चालू ठेवलाय. परवा रात्री जेवताना म्हणाले, ‘आपली माणसं तिथे आधीच जाऊन आलीत.’ १८७८ साली रशिया आणि तुर्कस्तानाचं बिनसलेलं असताना रशियाला धाक बसावा म्हणून ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने हिंदुस्थानातून सात हजारांच्या आसपास सैनिक माल्टाला आणले. जहाजं सुटली मुंबईहून, आणि त्यात मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. काही महिने तंबू ठोकून राहिले, त्यातले काही पुढे सायप्रसला गेले. मुंबई लष्कर म्हणजे सातारा-रत्नागिरीची पोरं असणारच, असं बाबांचं ठाम मत. ‘त्यांना नाही लागला व्हिसा,’ आई म्हणाली.

शुक्रवारी आम्ही उतरू तेव्हा रात्र झालेली असेल. तो झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ‘पाम संडे’च्या, आधीचा शुक्रवार, दुःखी मातेचा, म्हणजे मेरीचा, सण; त्या संध्याकाळी व्हॅलेटात मिरवणूक निघते. विमानतळाहून शहर जेमतेम आठ किलोमीटर, पण वेशीपाशी रस्ते बंद असू शकतात, म्हणून टॅक्सी सोडेल तिथून चालायची तयारी ठेवलीय.

राहिलं हायपोजियम, आणि त्यावर अजून निर्णय नाही. पाओला गावात १९०२ साली नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना खाली जमिनीत कोरलेलं तीन मजली दफनस्थान सापडलं, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचं. टाकी खोदताना सापडलं म्हटल्यावर बाबांनी वाचायचा चष्मा लावला. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला फक्त ऐंशी माणसं सोडतात, दहा-दहाच्या गटाने. वीकेंडची तिकिटं महिनोन्महिने आधी संपतात. मी पाहिलं तेव्हा एकही नव्हतं. तिथे सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ ही तळहातावर मावणारी मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलीय, ती रिपब्लिक स्ट्रीटवरच, त्यामुळे ती शनिवारी बघणारच. पण दुपारी बारा आणि चारच्या फेऱ्यांची काही तिकिटं आदल्या दिवशी सकाळी सेंट एल्मो किल्ल्यावर विकतात, महाग आणि आधी येईल त्याला. आम्हाला हवी ती रविवारच्या बाराची. मिळाली तर इमदिना सोडायचं, हाजार ईम ठेवायचं. तिकिटं मिळायची वेळ आणि कॅथीड्रल उघडायची वेळ एकच. म्हणून शनिवारी सकाळी नवरा सेंट एल्मोच्या रांगेत, आम्ही तिघं कारावाज्जोसमोर. किती तिकिटं आणायची यावर अजून वाद आहे: बाबांचं एक नक्की, माझं एक नक्की, आई पायऱ्या किती आहेत ते विचारून सांगणार आहे, आणि नवऱ्याचं म्हणणं असं की जो रांगेत उभा राहील त्याचं तिकीट यादीत पहिलं हवं.